टोपास

माझं तोंड कमोडमध्ये होतं आणि बाहेर मुली टाळ्या वाजवत होत्या.

दोघींनी माझे हात मागे पिरगाळून धरले होते. तिसरीनं केस मुठीत आवळून मान खाली दाबली होती. पाणी नाकात गेलं. श्वासासाठी तोंड उघडलं तर तोंडातही गेलं. कुणीतरी फ्लश दाबला. पाणी कानांवरून, डोळ्यांवरून गरगरत वाहिलं. मी जिवाच्या आकांतानं डोकं वर उचललं. त्यांनी ते पुन्हा खाली आपटलं. माझा समोरचा दात कमोडच्या कडेवर आदळला आणि अर्धा तुटला.

"व्हॉट्स युअर नेम?" वरून आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं. आईवडलांनी ठेवलेलं.

पुन्हा खाली.

"व्हॉट्स युअर नेम?"

मी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा खाली. या वेळी जरा जास्त वेळ. छाती फुटेल असं वाटलं. वर काढलं तेव्हा तोंडातून पाणी आणि रक्त एकदम आलं.

"नेम?"

"टोपाझ," मी म्हणाले.

केस सुटले. हात सुटले. कुणीतरी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, कुणीतरी गालाचा मुका घेतला. "वेलकम होम, टोपाझ!" बाहेर लख्ख दुपार होती. टेनिस कोर्टावर चेंडू टपटप वाजत होता. कुणाचा तरी खेळ नीट चालला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. सिंगापूरमधलं एक विद्यापीठ, त्याच्या आवारात टेकडीवर एक हॉल. आपल्याकडे ज्याला होस्टेल म्हणतात ते. पण आपल्या होस्टेलसारखा तो फक्त झोपायला नव्हता. हॉलचा झेंडा होता, घोषणा होत्या, सीनियर मुलींचं एक मंडळ होतं. त्या स्वतःला सिस्टर्स म्हणवत. पहिल्या वर्षाच्या मुलीला सिस्टर्स नवं नाव देत. मग वर्षभर तेच नाव. नियम एकच. नाव पुकारलं की असाल तिथं ताडकन उभं राहायचं. जेवताना, अभ्यास करताना, आजारी असताना. उशीर झाला तर शिक्षा.

बाकीच्या मुलींची नामकरणं हिरवळीवर झाली. डोक्यावर पिठाची परात, अंगावर बर्फाचं पाणी. कुणी पांडा झाली, कुणी नूडल. त्या ओरडल्या, रडल्या, मग हसल्या. संडासात फक्त मला नेलं. असं का, ते त्या गर्दीत दोघींनाच ठाऊक होतं. मला आणि मधुराला.

मधुरा सिस्टर्सची प्रमुख. कॅप्टनची मुलगी. तिचे वडील मुंबईच्या एका शिपिंग कंपनीत कॅप्टन होते, पुढे त्याच कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट झाले. शहरातल्या नोव्हेना भागात त्यांचा काँडो, म्हणजे भारी संकुलातला फ्लॅट, होता. तिचं शाळेपासूनचं सगळं सिंगापूरमध्येच झालं होतं.

मी तिथं शिष्यवृत्तीवर पोचले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावची बौद्धवाडी, तालुक्याचं कॉलेज, मुंबईत एक लेखी परीक्षा, एक मुलाखत. पुस्तकं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. इंग्रजी मी वाचलेली होती, ऐकलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात सगळ्या नव्या मुलींना कॉमन रूममध्ये गोल बसवून ओळखी करून घेत होते. वडील काय करतात, असं मला विचारलं. मी म्हणाले, जहाजावर असतात.

"डेकवर की इंजिनला?" कुणीतरी सोफ्यावरून विचारलं. मराठीत.

किती दिवसांनी मराठी ऐकत होते. मी वळून पाहिलं. मोकळे केस, हसरा चेहरा. मला इतकं बरं वाटलं की मी जागेवरून उठून तिच्याजवळ गेले.

"दोन्हीकडे नाही, ताई. टोपास आहेत."

मी हे अभिमानानं म्हणाले. ते लपवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या वाडीत जहाजावरचा माणूस म्हणजे मोठा माणूस. दादा, म्हणजे माझे वडील, सुट्टीवर आले की बिस्किटांचे पत्र्याचे डबे यायचे, जाड घोंगड्या यायच्या, दारात माणसं बसायची. दादा टोपास आहेत, हे आई सगळ्यांना सांगायची. पोस्टमन आहेत, मास्तर आहेत, तसं. टोपास म्हणजे जहाजावरचे संडास धुणारा, कचरा उचलणारा, अधिकाऱ्यांच्या ओकाऱ्या पुसणारा माणूस, हे मला कळत होतं. त्यात वाईट काय, हे कळत नव्हतं. त्या कामावर आमच्यासारख्याच वाड्यांतली माणसं कशी काय चढतात, हा प्रश्न मी तोवर विचारला नव्हता.

मधुराचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती मोठ्यानं हसली.

"ताई? मी कुठून तुझी ताई झाले?" आणि इतरांकडे वळून इंग्रजीत, "तिचे वडील टोपास आहेत!"

माझी रूममेट हुइमिन शेजारी बसली होती. सिंगापूरमधल्याच क्वीन्सटाउनची, मनानं निर्मळ मुलगी. तिनं टाळी वाजवली आणि तिथल्या लकबीत शेवटी 'लाह' जोडून म्हणाली,

"टोपाझ? लाइक द स्टोन? वा, सो प्रिटी लाह!"

मधुरानं माझ्याकडे पाहिलं. सावकाश. मग म्हणाली, "येस. लाइक द स्टोन."

बस, एवढंच. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. त्या हॉलमध्ये चिनी मुली होत्या, मलय होत्या, तमिळ होत्या. त्या सगळ्यांसाठी मी एक पिवळा, चमकणारा खडा झाले. हाक मारताना त्यांच्या आवाजात लाड असायचा. फक्त एका मुलीच्या तोंडून ती शिवी होती, आणि ती शिवी आहे हे माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत नव्हतं. मला वाटतं, भर चौकात मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान लोकांना दिसलं तरी असतं.

नामकरणानंतर शनिवार सुरू झाले. इतर नव्या मुलींच्या शिक्षा महिन्याभरात संपल्या. माझी ड्यूटी संपली नाही. दर शनिवारी दुपारी आमच्या मजल्यावरचे संडास. हॉलला सफाई कामगार होते, तरी मी. गुडघ्यांवर, हातात ब्रश. मधुरा दाराला टेकून उभी राहायची. ओल्या टॉवेलला गाठ मारून पिंढऱ्यांवर हाणायची. वळ उठायचे, ते सलवारीखाली झाकले जायचे. एकदा तिनं साबणाची वडी माझ्या तोंडात कोंबली आणि जबडा दाबून धरला. एकदा दाराच्या फटीत माझी बोटं होती, तिला दिसत होती, तरी तिनं दार लावलं. मधलं बोट आजही नीट मिटत नाही. मी लिहिते तेव्हा ते बाजूला उभं राहतं.

बाकीच्या मुली पाहून जायच्या. "गुड जॉब, टोपाझ!" म्हणायच्या. त्यांना तो मराठी मुलींमधला काहीतरी खेळ वाटायचा.

मी का सोसलं? मधुरानं ते पहिल्या शनिवारीच स्पष्ट केलं होतं. कपडे धुण्याच्या खोलीत, मराठीत, अगदी शांतपणे.

"माझे बाबा आता ऑफिसात बसतात. कुठल्या जहाजावर कोण चढणार, ते त्यांच्या सहीनं ठरतं. तुझ्या वडिलांना पुढची बोट हवी असेल ना?"

हवी होती. दादाही त्याच कंपनीच्या जहाजांवर होते, आणि मागे दोन भाऊ शिकत होते. दादांना दुसरं काही येत नव्हतं, आणि गावात परत येऊन ते काय उचलणार होते हे सांगायला नको. म्हणून मी ब्रश धरला. रक्त थुंकून टाकलं. दात टेनिस कोर्टवर पडून तुटला, असं घरी कळवलं.

अंगाला वळण लागतं. माझ्या अंगाला लागलं. नाव ऐकलं की पाय आपोआप सरळ व्हायचे. एकदा लायब्ररीत बसले होते. आसपास हॉलमधलं कुणीही नव्हतं. पलीकडच्या टेबलावर भूगर्भशास्त्राची दोन मुलं हलक्या आवाजात खनिजांची नावं पाठ करत होती. क्वार्ट्झ, टोपाझ, कोरंडम. आणि मी उभी राहिले. हातातलं पुस्तक खाली पडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला स्वतःची किळस आली. माझ्यात हे कुणीतरी बसवून ठेवलं आहे आणि ते मला न विचारता चालतं, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

मग दादांचं जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरमधल्याच जुरोंगच्या गोदीत आलं.

शनिवारी दुपारी ते मला भेटायला आले. मी ड्यूटीवर होते. हुइमिन धावत सांगायला आली, "युअर फादर इज हिअर!" हात धुऊन मी खाली पळाले. दादा कॉमन रूममध्ये सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस. मांडीवर स्टीलचा डबा. जहाजावरच्या भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, सांगून त्यांनी चपात्या आणि सुकटीची चटणी करून घेतली होती.

"वाळलीस गं," ते म्हणाले. मग माझा तुटका दात पाहिला. "पडताना हात नाही का टेकायचा?"

मी हसले. आम्ही एवढंच बोललो होतो.

मधुरा चार-पाच जणींबरोबर आत आली. तिनं दादांना पाहिलं आणि ओळखलं. लहानपणी ती आईवडलांबरोबर दादांच्या तेव्हाच्या जहाजावरून गेली होती, डेकवर तीन चाकांची सायकल चालवायची. दादांनी मला ही गोष्ट कितीदा सांगितली होती. कॅप्टनसाहेबांची छोटी मुलगी सायकलवरून पडली तेव्हा त्यांनी तिला उचललं होतं, आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या होत्या. ती मुलगी म्हणजे ही, हे मात्र मला तोवर ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर कुणाचातरी कोकचा ग्लास होता. मधुरानं तो बोटानं ढकलला. ग्लास फुटला. कोक फरशीभर पसरला.

"टोपास," ती म्हणाली. नीट, स वर जोर देऊन. जहाजावरच्या हिंदीत. "उधर गिरा है. साफ करो."

दादा उभे राहिले.

विचार करून नाही. डबा मांडीवरून घरंगळला, चपात्या फरशीवर पडल्या, आणि ते ताठ उभे होते. "जी, छोटी मेमसाब." त्यांची नजर खोलीत पोछा शोधत होती. लायब्ररीत मी जशी उभी राहिले होते तसेच, त्याच पायांनी, ते उभे होते. मला वाटत होतं ते माझ्यात त्या हॉलनं बसवलं. ते त्याच्या फार आधीपासून आमच्या घरात होतं.

"यू सी?" मधुरा इतर मुलींना म्हणाली. "दिस इज द ओरिजिनल टोपाझ."

मुली हसल्या. नेहमीसारख्या, काही न कळता.

"दादा, बसा," मी म्हणाले.

ते बसले नाहीत. दाराशी ठेवलेला पोछा त्यांना दिसला होता. ते तिकडे निघाले. फुटलेल्या काचेवरून, अनवाणी.

मग मी बोलले. त्या हॉलमध्ये आल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं. इंग्रजीतून, व्याकरणाची पर्वा न करता. टोपाझ हा दगड नाही. टोपास म्हणजे जहाजावर संडास साफ करणारा माणूस. माझे वडील. आमच्या जातीच्या माणसांना ते काम देतात. हिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही मला रोज हाक मारता तेव्हा तुम्ही हेच म्हणता.

हुइमिनचा हात तोंडावर गेला.

मधुरानं मला थोबाडीत मारली. मी तिला ढकललं. तिनं केस धरून माझं डोकं खांबावर आपटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिच्याबरोबरच्या दोघी माझ्यावर पडल्या, कुणाची तरी चप्पल बरगडीत बसली. आणि त्या गोंधळात मला दादांचा आवाज ऐकू आला.

"माफ करो, मेमसाब. बच्ची है. माफ करो."

ते हात जोडून उभे होते. पायाखाली रक्ताचे डाग. पन्नाशीचा माणूस माझ्या वयाच्या मुलीसमोर वाकला होता, आणि वाकताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. फक्त भीती होती.

आजवर मला झालेल्या कुठल्याही मारापेक्षा ते जास्त लागलं. मी अंगावरच्या मुलींना कसं झटकलं, आठवत नाही. दादांजवळ गेले. त्यांचे जोडलेले हात धरले आणि ओढून वेगळे केले. ते पुन्हा जोडू लागले. मी पुन्हा वेगळे केले. आम्ही बापलेक तिथं भांडल्यासारखे झटत होतो. त्यांच्या हातांत ताकद होती. माझ्या हातांत जास्त निघाली.

मागून मधुरा म्हणाली, "गटारातली ती गटारातलीच."

वरच्या ड्यूटीवरचा ब्रश अजून माझ्या कमरेला बांधलेल्या ओढणीत खोचलेला होता. मी वळले आणि तो तिच्या तोंडावर मारला. लाकडी बाजूनं, पूर्ण ताकदीनं. तिची भुवई फुटली. तिनं स्वतःचं रक्त बोटावर घेऊन पाहिलं. ते असं येऊ शकतं, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

बाहेर बसस्टॉपवर दादांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. रस्त्यावर लोक बघत होते.

"तुला मधे पडायला कुणी सांगितलं होतं? पुसलं असतं मी. मला रोजचंच आहे."

बस आली. ते चढले. पायाला माझी ओढणी गुंडाळलेली होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं नाही.

वॉर्डननं दोघींना बोलावलं. मधुराला समज मिळाली. मला सांगितलं, सगळ्या हॉलसमोर जेवणाच्या वेळी तिची माफी माग, म्हणजे हे मिटेल. नावाचं काय, मी विचारलं. वॉर्डन म्हणाली, नावात काय आहे, टोपाझ तर सुंदर शब्द आहे. मी माफी मागितली नाही. हॉल सोडावा लागला. हुइमिननं माझी ट्रंक उचलली आणि मला क्वीन्सटाउनला आपल्या आईच्या फ्लॅटवर नेलं. शिक्षण तिथून पूर्ण केलं.

दादांना पुढची बोट मिळाली नाही. ते मुंबईला ऑफिसात जाऊन बसायचे. उद्या या. पुढच्या महिन्यात या. मग जाणं बंद झालं. गावी ते आंब्याच्या बागांतून दुसऱ्यांच्या कलमांना पाणी घालत राहिले. मला सिंगापूरमध्येच नोकरी लागली, भाऊ शिकले, पक्कं घर झालं. पण तू केलंस ते बरोबर केलंस, असं दादा मला कधी म्हणाले नाहीत. चुकलीस, असंही म्हणाले नाहीत. तो विषय आमच्यात बसस्टॉपवरच राहिला.

या पावसाळ्याच्या आधी ते गेले. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. पण अंगणात कुणी बादली ठेवल्याचा आवाज झाला की ते अंथरुणातून उठू बघायचे. मी खांदे धरून त्यांना परत निजवायची. "बसा, दादा," म्हणायची. ते ऐकायचे नाहीत. गेले त्या सकाळीही त्यांचे पाय खाटेखाली जमीन शोधत होते.

विधी उरकून मी सिंगापूरला परतले आणि घरात एकटी बसून होते. वाचता येत नव्हतं. फोन आला. हॉलमधून, आताच्या कमिटीतल्या एका मुलीचा. आवाज विशीतला, उत्साहानं भरलेला.

"इज दिस टोपाझ? द ओरिजिनल टोपाझ?"

ती बोलत होती. हॉलचा वर्धापनदिन आहे. जुन्या मुली येणार आहेत. मुख्य पाहुण्या म्हणून मधुरा येणार आहे, आता तिची स्वतःची शिपिंग कंपनी आहे. आणि मला ऐकून आनंद होईल, की टोपाझची परंपरा अजून चालू आहे. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या सगळ्यात गप्प मुलीला ते नाव देतात.

"आणि ती काय करते?" मी विचारलं.

"टॉयलेट ड्यूटी लाह," ती हसली. "ट्रॅडिशन." आणि पुढे म्हणाली, या वर्षी स्टेजवरून नाव पुकारणार, तेव्हा जुन्या आणि नव्या टोपाझनं एकदम उभं राहायचं. फोटो छान येईल.

मी येते म्हणून सांगितलं.

मी जाणार आहे. दुःखात आहे म्हणून घरी बसणार नाही. हुइमिन बरोबर येते आहे, त्या दिवशी काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. मी पुढच्या रांगेत बसेन, आणि या वर्षीची गप्प मुलगी कोण आहे ते शोधून तिला शेजारी बसवेन. तिच्या पिंढऱ्या बघेन. मधुरा स्टेजवर असेल. तिच्या भुवईत माझी खूण असेल, माझ्या तोंडात तिची आहे. मी तुटका दात मुद्दाम बसवून घेतला नाही.

नाव पुकारलं जाईल. त्या मुलीचे पाय सरळ व्हायला लागतील. मी तिचा हात घट्ट धरून तिला खाली ठेवीन. आणि सगळा हॉल थांबेल, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मी बसल्या जागेवरून सांगेन, माझ्या वडिलांच्या नावासकट. मधुरानं तो शब्द स्वतःच्या तोंडानं, स वर जोर देऊन, अर्थासकट सगळ्यांना सांगेपर्यंत तो कार्यक्रम पुढे जाऊ देणार नाही.

त्या शब्दाला दादा उठले होते. मी उठणार नाही.